नऊ पॉइंट नऊ चार

माझा हात जड आहे, हे मला वयाच्या सतराव्या वर्षी अधिकृतरीत्या कळलं. बारावीला असताना दोलकाच्या प्रयोगात माझं उत्तर चुकलं. एकदा नाही, तीनदा. तेव्हाचे आमचे सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "हेमांगी, डोकं चांगलंय तुझं. हात जड आहे. प्रयोगाबियोगाच्या नादाला लागू नकोस." मी लागले नाही. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाले, विट्याच्या त्याच शाळेत शिक्षिका म्हणून परत आले आणि एकतीस वर्षं फिजिक्स खडूने शिकवलं. प्रयोगशाळेत मी जायची ते हजेरी घ्यायला. बाकी सगळं भिकूमामा बघायचे.

भिकूमामा आमचे प्रयोगशाळेतले शिपाई. त्यांच्या आधी दुसरे मामा होते, त्यांनी घालून दिलेली रीत यांनी तंतोतंत पाळली. मुलं यायच्या आत प्रत्येक टेबलावर सगळं मांडून तयार. दोलक टांगलेला, दोऱ्याची लांबी मोजलेली, पाटीवर लिहिलेलं, 'लांबी पन्नास सें.मी.'. मोजायची लाकडी मीटरपट्टी कपाटात कुलूपबंद. मुलांच्या हातात दिली तर मोडतील, तलवारबाजी करतील, हे मामांचं म्हणणं. मुलांनी फक्त झोके मोजायचे.

या प्रयोगात खरं तर फार काही नसतं. दोऱ्याला गोळा बांधायचा, हळूच झुलवायचा आणि पन्नास झोक्यांना किती सेकंद लागले ते पाहायचं. दोऱ्याची लांबी आणि झोक्याला लागणारा वेळ, एवढ्या दोन गोष्टींवरून पृथ्वी वस्तूला किती जोराने ओढते ते काढता येतं. पुस्तकात उत्तर छापलेलं आहे, नऊ पॉइंट आठ. आणि पुस्तकात छापलेलं असल्यामुळे आमच्याकडे सगळी मुलं उत्तर आधी लिहितात आणि सेकंद मागून काढतात. मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे, हे मुलांनाही ठाऊक होतं. दरवर्षी जर्नलं तपासताना मी लाल पेनाने 'छान' लिहीत होते.

मग २०४१च्या जूनमध्ये हातमोजे आले.

*

पुण्याच्या एका कंपनीने ते बनवले होते आणि जिल्ह्यातल्या तीन शाळांना वर्षभर वापरून बघायला दिले होते. आमच्याकडे नऊ मुलांची एक तुकडी होती, प्रत्येकाची शिकायची तऱ्हा वेगळी. प्रज्योतचे हात जन्मापासून थरथरतात. एकीला आकडे जागच्या जागी दिसत नाहीत, तिच्या डोळ्यांपुढे सहाचा नऊ होतो. एकाला खोलीत दोन आवाज एकदम झाले की टेबलाखाली जावं लागतं. आणि स्वरांजली सुतारला जन्मापासून दिसत नाही. आजवर अशा मुलांना आम्ही प्रयोगाच्या वेळी कडेच्या बाकावर बसवायचो आणि तोंडी प्रश्न विचारून मार्क द्यायचो. याला आम्ही 'सवलत' म्हणायचो.

कंपनीची इंजिनिअर ऋतुजा घोडके, पंचविशीतली पोरगी, तिने पहिल्या दिवशी मला मोजा घालायला दिला. कापड साधं, पातळ. पण त्यात केसाहून बारीक धागे विणलेले. त्यांतून किंचित वीज सोडली की ते आखडतात, थांबवली की सैल होतात. म्हणजे मोज्याला स्वतःचे स्नायूच म्हणा ना.

"बघा मॅडम, प्रज्योतचा हात डावीकडे थरथरला की मोजा त्याच क्षणी तेवढाच उजवीकडे ओढतो. दोन्ही धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. हात स्थिर."

"आणि स्वरांजली?"

"तिच्या मोज्यात स्पर्श वाढवायची सोय आहे. बोटाखालची बारीक खाच तिला नाल्याएवढी जाणवेल. दोलक मधल्या रेषेवरून गेला की तळव्यावर टिचकी बसेल. आणि शिवाय मार्गदर्शन आहे. चांगला प्रयोग कसा होतो ते मोजा हजारो जर्नलं वाचून शिकलाय. मूल चुकायला लागलं तर तो हलकेच वळवतो."

मला त्या वेळी यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट डोळे भरून आले. प्रज्योतने सतरा वर्षांत पहिल्यांदा पाण्याचा पेला काठोकाठ भरून, एक थेंब न सांडता टेबलावर ठेवला. मग तोच पेला त्याने उचलला, ठेवला, उचलला, ठेवला. पूर्ण तास त्याने तेवढंच केलं आणि मी त्याला थांबवलं नाही. टेबलाखाली जाणाऱ्या मुलाला मोज्याने आवाज मऊ करून बोटांत आणून दिला. तो ट्यूनिंग फोर्क घेऊन सगळ्यांच्या कोपरांना लावत फिरला. भिकूमामा दारात उभे राहून म्हणाले, "बाई, ही पोरं एवढी दंगा करत्यात हे आपल्याला आजवर कळलंच न्हाई की."

स्वरांजलीचं मात्र वेगळंच चाललं होतं. ती गोष्टी चाचपून, उलटसुलट करून, वास घेऊन बघायची. तिचे वडील, तात्या, घरांचे दरवाजे आणि त्यावरच्या नावाच्या पाट्या करतात. पोरगी लाकडाच्या भुशातच वाढलेली. अक्षरं आणि आकडे ती ब्रेलच्या आधी वडिलांनी कोरलेल्या पाट्यांवर शिकली. तिला पुण्याला यंत्रं आणि मोजमापाची उपकरणं बनवायच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं. त्यांची अट होती, प्रॅक्टिकलला तीसपैकी किमान पंचवीस, आणि तेही स्वतःच्या हाताने केलेल्या प्रयोगाला. तोंडी परीक्षेचे मार्क चालणार नव्हते. मोजा चालणार होता, कारण बोर्डाने त्या वर्षापुरती परवानगी दिली होती.

*

नोव्हेंबरात दोलकाचा प्रयोग आला. नऊच्या नऊ मुलांचं उत्तर नऊ पॉइंट आठ. मी खुशीत टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर स्वरांजलीने हात वर केला.

"बाई, ह्यो माझा अंगठा धरून ठेवतोय."

"कोण?"

"मोजा. पन्नासावी टिचकी बसली की मी घड्याळाचं बटण दाबायला जाते. तर ह्यो अंगठा अडवतोय. थोडाच. मग सोडतोय."

"अगं, मदत करतोय तो तुला."

"मला मदत नको तिथं कशाला करतोय? टिचकी तर मला बरोबर कळतीय." तिने मोज्याच्या मनगटावरची कळ चाचपली. "मी मार्गदर्शन बंद करून करू?"

मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला कारण सापडेना. तिने नुसता स्पर्श चालू ठेवला, बाकी सगळं बंद. पन्नास झोके. सत्तर पॉइंट चार सहा सेकंद. पुन्हा केलं. सत्तर पॉइंट चार सहा. तिसऱ्यांदा सत्तर पॉइंट चार सात. उत्तर आलं, नऊ पॉइंट नऊ चार.

तो आकडा ऐकून मी हातातली हजेरीवही फटकन मिटली. का, ते मी स्वतःलाही सांगितलं नाही. तिच्यावर मात्र खेकसले.

"चुकलंय. मोजा चालू कर."

"बाई, लांबी कुणी मोजलीय?"

"मामांनी. मामा चुकत नाहीत."

"मग मी चुकले?"

"हात आहे, चुकतो कधी कधी," मी म्हटलं. "त्यासाठीच तर मोजा आहे ना?"

तिने मोजा काढला, घडी घातली, डबीत ठेवला. त्या आठवड्यात ती दोनदा आजारी पडली, म्हणजे आली नाही.

*

ऋतुजा पुढच्या महिन्यात आली तेव्हा मी तिला विचारलं, की मोज्याला पन्नास झोक्यांना किती सेकंद हवे असतात हे कुणी शिकवलं? तिने तिच्या टॅबलेटवर बोट फिरवून बघितलं आणि हसली.

"गंमत आहे मॅडम. दोलकाचा सगळा भाग तुमच्याच शाळेच्या जर्नलांवरून शिकवलाय. अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात स्वच्छ आकडे तुमच्याकडचे. चाळीस वर्षांत एकही उत्तर भलतीकडे नाही. त्यातलं एक तर 'आदर्श जर्नल' म्हणून काचेच्या कपाटात होतं, त्याला आम्ही जास्त वजन दिलं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. काचेच्या कपाटातलं जर्नल माझंच होतं. अक्षर सुंदर म्हणून सरांनी ते ठेवून घेतलं होतं आणि मी शिक्षिका झाल्यावर दरवर्षी नव्या मुलांना 'असं लिहायचं' म्हणून दाखवत होते. आणि त्यातलं दोलकाचं पान माझ्याइतकं कोण ओळखणार?

तर हे असं होतं. आम्ही उत्तरावरून सेकंद मागे मोजले, लिहिले, 'छान' मिळवलं. यंत्राने ते इमानेइतबारे वाचलं आणि आता ते एका आंधळ्या पोरीचा अंगठा अर्धा सेकंद धरून ठेवत होतं, तिचं उत्तर आमच्या थापेशी जुळावं म्हणून. पुढच्या वर्षी हे मोजे राज्यभर जाणार होते. मग गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत सगळ्या मुलांचे अंगठे विट्याच्या चाळीस वर्षांच्या लबाडीवर चालणार. कुणालाही पृथ्वी मोजायची गरज उरणार नाही.

"मार्गदर्शन काढून टाक," मी ऋतुजाला म्हटलं.

"परीक्षेच्या तोंडावर? मॅडम, ते काढलं तर मुलांची उत्तरं चुकतील."

मला तेव्हाही वाटत होतं, की स्वरांजलीचं उत्तर चुकलेलंच आहे. आम्ही लबाड होतो हे मी मान्य केलं होतं, पण नऊ पॉइंट आठ बरोबर आणि नऊ पॉइंट नऊ चार चूक, यात मला शंका नव्हती. म्हणून परीक्षेच्या आदल्या दुपारी मी तिला बाजूला घेतलं.

"हे बघ बाळा, उद्या मोजा पूर्ण चालू ठेव. बाहेरचे परीक्षक येणार आहेत. तुझं पुणं याच्यावर आहे."

तिने बाकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"तुम्ही सांगितलं तर ठेवीन बाई. पण मग पुण्याला मोजा जाईल. मी जाऊन काय करू?"

मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "तुला वाटेल ते कर," आणि निघून आले. शिक्षक म्हणून याहून भित्रं वाक्य मी आयुष्यात बोलले नाही.

*

परीक्षक शेटे सर तासगावचे. चांगला माणूस, पण घाईचा. त्यांनी सगळ्यांना चिठ्ठ्या उचलायला लावल्या आणि स्वरांजलीसकट चौघांच्या वाट्याला दोलक आला. भिकूमामांनी नेहमीप्रमाणे आधीच मांडून ठेवलेला. लांबी पन्नास.

तिने मनगटावरची कळ दाबली. मार्गदर्शन बंद झाल्याचा बारीक आवाज मी ऐकला.

सत्तर पॉइंट चार सहा. नऊ पॉइंट नऊ चार.

शेटे सर वाकून म्हणाले, "पुन्हा कर बेटा. घाई करू नको."

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. शेजारच्या टेबलावर मोजे चालू ठेवलेल्या मुलांची नऊ पॉइंट आठ केव्हाच लिहून झाली होती. शेटे सरांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, मुलगी हुशार आहे हो. हात जड आहे. मी सोळा देतो, पास होईल."

चाळीस वर्षांनी तेच तीन शब्द. स्वरांजलीने ते ऐकले, तिला सगळंच ऐकू येतं. तिने हात मोज्यासकट मांडीवर ठेवले, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे होते. मी माझे हात बघितले. मीही ते पाठीमागे धरले होते. एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेत हात पाठीमागे धरूनच उभी राहत होते.

"नाही सर," मी म्हटलं. "हात जड नाहीये तिचा. तीनदा करून तिन्ही वेळा तेच येतंय. चुकणारा हात एकाच जागी चुकत नसतो. वेळ बरोबर असेल तर चूक दुसरीकडे आहे."

"दुसरीकडे म्हणजे कुठे? दोनच तर आकडे आहेत. वेळ आणि लांबी."

"लांबी मी सोता मोजलीय," भिकूमामा दारातून म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

स्वरांजली उभी राहिली. "मामा, पट्टी द्या की जरा. राग मानू नका."

मामांनी शेटे सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कनवटीची किल्ली काढली. माझ्या माहितीत पहिल्यांदाच ती मीटरपट्टी एका विद्यार्थ्याच्या हातात गेली. जुनी सागवानी पट्टी, रेघा कोरलेल्या, दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटरची पितळी टोपणं. स्वरांजलीने आधी तिचा वास घेतला. मग एका टोकापासून बोट सरकवत दुसऱ्या टोकाला गेली, परत आली. पुन्हा गेली.

"आमचे तात्या पट्टी टोकापासून धरतच न्हाईत," ती म्हणाली. "दहापासून धरत्यात. टोक झिजतंय, तुटतंय, त्याचा भरवसा न्हाई म्हणत्यात." तिचं बोट टोपणाच्या कडेला थांबलं. "सर, त्या टोकाला टोपण संपल्यावर पुढची मोठी रेघ एक सेंटिमीटरवर हाय. ह्या टोकाला लगेच लागतीय. दोन मिलिमीटर असेल. आणि हे खिळे मागनं मारल्यात, डोकी वेगळी हायती. टोक तुटलं असणार, कुणीतरी कापून टोपण परत बसवलंय."

शेटे सर पट्टीवर इतके वाकले की त्यांचा चष्मा पितळेला लागला. मग त्यांनी खिशातली स्टीलची पट्टी काढून शेजारी धरली. आठ मिलिमीटर गायब होते. कधीपासून, देव जाणे. माझ्या शाळेच्या दिवसांआधीपासून. सगळ्यांना पितळी टोपण दिसत होतं, म्हणून पुढची रेघ कुणी बघितली नव्हती.

"म्हणजे लांबी पन्नास नाही," शेटे सर हळूच म्हणाले. "एकोणपन्नास पॉइंट दोन. मांड बरं गणित."

तिने तोंडीच मांडलं. "नऊ पॉइंट सात आठ."

"पुस्तकात नऊ पॉइंट आठ आहे," ते सवयीने म्हणाले.

"पुस्तक सगळ्या पृथ्वीचं आहे सर," मी म्हटलं. "पृथ्वीची ओढ जागोजागी थोडी वेगळी असते. ध्रुवाशी जास्त, आपल्याकडे कमी. विट्याचं उत्तर नऊ पॉइंट सात आठच यायला हवं. इथे एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदा कुणीतरी काढलंय."

शेटे सरांनी आधी लिहिलेले सोळा खोडले. मग त्यांनी बाकीच्या नऊ पॉइंट आठ वाल्या पोरांकडे बघितलं, मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "मॅडम, चहा मागवा. सगळ्यांचा प्रयोग परत घ्यावा लागणार. मार्गदर्शन बंद करून." प्रज्योतने घाबरून विचारलं, थरथर थांबवणं पण बंद? मी म्हटलं, "ते नाही रे बाबा. हात धरलेला चालतो. उत्तर धरलेलं नाही."

त्या दिवशी आम्ही संध्याकाळी सहापर्यंत थांबलो. भिकूमामा प्रत्येक टेबलापाशी जाऊन पट्टी मुलांच्या हातात देत होते आणि "दहापासून धरा रं" म्हणत होते. स्वरांजलीला अठ्ठावीस पडले. ऋतुजाला मी फोनवर सगळं सांगितलं. आधी तिचा विश्वास बसेना, मग ती चिडली आणि मग म्हणाली, की आमची जर्नलं मोज्याच्या डोक्यातून काढायला दोन महिने लागतील. मी म्हटलं, आम्हाला चाळीस वर्षं लागली.

*

निकालाआधी एकदा स्वरांजली शाळेत आली, पेढे घेऊन नाही, नुसतीच. मी काचेचं कपाट उघडलं आणि माझं जर्नल तिच्यापुढे ठेवलं. दोलकाचं पान काढून दिलं.

"मोजा घाल. नुसता स्पर्श. इथे उत्तराच्या जागी काय आहे सांग."

तिचं बोट शाईवरून गेलं. शाई तिला काही सांगत नाही. पण मी लहानपणी पेन्सिल फार दाबून लिहायची.

"खाली आणखी काहीतरी आहे," ती म्हणाली. "खोडलंय. पण खड्डे राहिल्यात. नऊ." बोट पुढे सरकलं. "टिंब. परत नऊ." मग ती थांबली, मागे आली, पुन्हा त्याच जागी गेली. "चार. बाई, हे कुणाचं हाय?"

"माझं," मी म्हटलं. तिने माझा हात शोधला, तळवा उलटा केला आणि वडील नवं लाकूड बघतात तसा, बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत चाचपून बघितला.

"चांगला होता की तुमचा हात," ती म्हणाली.

निवृत्तीला तेव्हा माझे अकरा महिने उरले होते. मी मामांना हाक मारून पट्टीच्या कपाटाची किल्ली मागितली, आणि थोडा दोरा.